कारखान्याने सोडलेले इंजिन : टर्बो लावलेल्या टू-स्ट्रोक क्वाडचा इतिहास कोणी लिहायचा?

१/
कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेजवळ, इम्पीरियल सँड ड्यून्स हा वाळूच्या टेकड्यांचा विस्तीर्ण पट्टा आहे. वाहनशौकीन त्याला ग्लॅमिस म्हणतात. हिवाळ्यातील सुट्ट्यांत तेथे वाहनांची जत्रा भरते आणि ओल्ड्समोबिल हिल नावाच्या उंच टेकडीवर चढाईच्या शर्यती लागतात. यामाहा बॅन्शी हे चारचाकी क्वाड या जत्रेचे जुने मानकरी. अमेरिकेत त्याची विक्री २००६ च्या मॉडेलनंतर थांबली. वाळूवर मात्र ते अजून धावते. काही बॅन्शींच्या इंजिनाला तर यामाहाने कधीही न दिलेला एक भाग जोडलेला असतो : टर्बोचार्जर.

२/
टू-स्ट्रोक इंजिन आणि टर्बो ही जोडी जाणकारांनाही विजोड वाटते. या धाग्यात तिची वंशावळ मांडली आहे आणि त्या निमित्ताने एक प्रतिपादनही केले आहे. यंत्राचा इतिहास पेटंटपासून सुरू करायचा आणि उत्पादन बंद झालेल्या वर्षावर संपवायचा, ही रूढ रीत अपुरी आहे. कायद्याने वा बाजाराने कारखान्याचे दार लावून घेतले की यंत्र वापरणाऱ्यांच्या अंगणात जाते. पुष्कळदा त्याच्या चरित्रातील सर्वांत धाडसी प्रकरण तेथेच घडते. ते न नोंदवणारा इतिहास अर्धामुर्धा राहतो.

३/
आरंभ इंजिनापासून. इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे याने १८९१ मध्ये क्रँककेसचाच पंप म्हणून उपयोग करणारे टू-स्ट्रोक इंजिन घडवले. पिस्टन वर जाताना खालच्या कोठीत ताजे मिश्रण ओढले जाते. पिस्टन खाली येताना तेच दाबले जाऊन सिलिंडरमध्ये शिरते. डेच्या पहिल्या रचनेत झडपा होत्या. त्याच्याच कार्यशाळेतील फ्रेडरिक कॉक या कामगाराने पिस्टनच्या कडेनेच आवक-दार उघडझाप करण्याची युक्ती काढली आणि झडपांची गरज संपवली. पुढे कोट्यवधी गाड्यांत गेलेल्या या इंजिनाचे सुटसुटीत रूप एका कामगाराच्या हातचे आहे. मालकाचे नाव पुस्तकांत ठळक आले, कामगाराचे क्वचितच येते.

४/
या साधेपणाला एक किंमत आहे. सिलिंडरच्या भिंतीतील दारे पिस्टनच उघडतो आणि पिस्टनच मिटतो, त्यामुळे धूर बाहेर जाण्याचे दार सर्वांत आधी उघडते आणि सर्वांत शेवटी मिटते. ताजे मिश्रण आत आल्यानंतरही बाहेरचे दार काही क्षण उघडेच असते. साध्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये इंधनाचा सुमारे पाव हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, न जळताच निसटतो. फुटक्या रांजणात पाणी भरण्यासारखे हे काम. अशा रांजणात अधिक जोराने पाणी ओतून काय साधणार? टर्बोविषयीचा मूळ आक्षेप हाच आहे.

५/
टर्बोचा उगम वेगळा. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये त्याच्या मूळ कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंत पुष्कळ ऊर्जा वाया जाते. तिच्यावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावी. अधिक हवा म्हणजे अधिक इंधन जाळता येणे, आणि म्हणून अधिक शक्ती. जहाजे, विमाने व रेल्वे यांनी ही कल्पना आपलीशी केली. छोट्या पेट्रोल टू-स्ट्रोकशी तिचे सूत लवकर जुळले नाही. तेथे आधी एका वेगळ्या दाबयंत्राची पाळी आली.

६/
जर्मनीतील त्शोपाऊ येथील डीकेडब्ल्यू कंपनीने दुसऱ्या महायुद्धापूर्वी शर्यतीच्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींना यांत्रिक दाबपंप जोडला होता. त्यासाठी तिने रांजणाची गळतीही बुजवली. दोन पिस्टन एकाच ज्वलनकक्षात चालवायचे. एकाने धुराचे दार सांभाळायचे, दुसऱ्याने आवकेचे. त्यामुळे बाहेरचे दार आधी मिटवून आत हवा दाबता येई. १९३८ मध्ये आइल ऑफ मॅनच्या लाइटवेट टीटी शर्यतीत एवाल्ड क्लूग याने डीकेडब्ल्यूवर विजय मिळवला. म्हणजे दाबलेली हवा आणि टू-स्ट्रोक यांचे वैर जन्मजात नव्हते. दारांची वेळ साधली की दोघांचे जमत होते.

७/
मग पहिली बंदी आली. महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, मोटारसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने दाबपंपांना मज्जाव केला. सिलिंडरमध्ये हवा ढकलणारे कोणतेही यंत्र चालणार नव्हते. टू-स्ट्रोकचे शर्यतीतील दिवस संपले, असाच याचा अर्थ तेव्हा अनेकांनी लावला असता. झाले उलटेच. त्याच त्शोपाऊमध्ये, डीकेडब्ल्यूच्या जुन्या कारखान्यात, आता पूर्व जर्मनीचे साम्यवादी सरकार होते आणि पुढे एमझेड नावाने ओळखली गेलेली कंपनी उभी राहत होती. तेथे १९५३ मध्ये वाल्टर काडेन हा अभियंता आला.

८/
काडेनने युद्धकाळात पेनेम्युंडे येथील क्षेपणास्त्र केंद्रात काम केले होते. एमझेडकडे पैसा तुटपुंजा आणि साहित्य अपुरे. काडेनने लक्ष दिले ते एका पत्र्याच्या नळीकडे. धुराचे दार उघडताच नळीतून दाबाची लाट धावते. नळी पुढे पसरट केली, तर परतणारी लाट पोकळी निर्माण करून सिलिंडरमधील धूर ओढून घेते. त्यापुढे ती पुन्हा निमुळती केली, तर दुसरी लाट उलटून येते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण दार मिटण्याच्या नेमक्या क्षणी परत आत ढकलते. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती असलेली ही नळी म्हणजे एक्स्पान्शन चेंबर.

९/
म्हणजे नियमाने ज्या दाबपंपाला हद्दपार केले, त्याचे काम आता हलणारा एकही भाग नसलेली नळी करू लागली. फुटक्या रांजणाला ध्वनिलहरींचे झाकण मिळाले. १९६१ मध्ये एमझेडच्या १२५ सीसी इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती दिली. लिटरमागे हे प्रमाण २०० अश्वशक्तीचे होते, आणि दाबपंपाविना तेथवर त्यापूर्वी कोणी पोहोचले नव्हते. बंदीने तंत्र संपवले नाही, त्याला वेगळी वाट शोधायला लावली. पुढील कथेत हेच पुन्हा घडते; फरक एवढाच की दुसऱ्या वेळी वाट शोधणाऱ्यांच्या मागे कारखाना नव्हता.

१०/
हे ज्ञान पूर्वेकडे कसे गेले, ती कथा प्रसिद्ध आहे. एमझेडचा अग्रगण्य स्वार एर्न्स्ट डेग्नर सप्टेंबर १९६१ मध्ये स्वीडनमधील शर्यतीनंतर मायदेशी परतलाच नाही. तो सुझुकीला जाऊन मिळाला आणि १९६२ चे ५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद त्याने सुझुकीवर पटकावले. पुढील दशकात जपानी कंपन्यांनी टू-स्ट्रोकला रस्त्यावरच्या वेगवान गाडीचा दर्जा मिळवून दिला. यामाहाची आरडी ३५० ही त्या परंपरेतील नामवंत गाडी. भारतात एस्कॉर्ट्सने १९८३ पासून यामाहाच्या सहकार्याने बनवलेली राजदूत ३५० तिचेच भारतीय रूप.

११/
येथे ग्लॅमिसची बॅन्शी आणि महाराष्ट्रातील रस्त्यांवर एकेकाळी धडधडणारी राजदूत यांचे नाते जुळते. दोघींच्या सिलिंडरचा व्यास ६४ मिलिमीटर, पिस्टनची धाव ५४ मिलिमीटर आणि क्षमता ३४७ सीसी. राजदूत हवेने थंड होई. बॅन्शीचे इंजिन यामाहाच्या पुढच्या पिढीतील, पाण्याने थंड होणाऱ्या ३५० वरून आले. पण घराणे एकच. रस्त्यावरच्या गाडीचे दोन सिलिंडरांचे इंजिन १९८७ च्या मॉडेलसाठी चार फुगीर चाकांवर बसवले गेले आणि वाळूवरच्या शर्यतींना एक दंतकथा मिळाली.

१२/
क्वाडचा जन्म तीन चाकांच्या वाहनातून झाला. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत यूएस ९० हे फुगीर टायरांचे तिचाकी विकायला काढले. बर्फाच्या दिवसांत मोटारसायकली खपत नाहीत, तेव्हा विक्रेत्यांना काहीतरी विकता यावे हा हेतू. १९८० च्या दशकात चार चाके आली आणि त्यांसोबत शर्यतीची चुरस. सुझुकीचे एलटी २५०आर १९८५ चे, होंडाचे टीआरएक्स २५०आर १९८६ चे, कावासाकीचे टेकाटे-४ १९८७ चे आणि सुझुकीचे सुमारे ५०० सीसीचे ‘क्वाडझिला’ही १९८७ चेच. ही सारी टू-स्ट्रोक. मोटोक्रॉसच्या मैदानावरचे तंत्र आता कोणत्याही ग्राहकाला दुकानात मिळू लागले.

१३/
त्यासोबत अपघातही आले. तिचाकींच्या अपघातांत शेकडो माणसे दगावली. त्यांत मुलांचे प्रमाण मोठे होते. अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने कंपन्यांना न्यायालयात खेचले आणि एप्रिल १९८८ मध्ये तडजोडीच्या हुकूमनाम्याला न्यायालयाची मान्यता मिळाली. नव्या तिचाकींची विक्री थांबली. चारचाकींसाठी प्रशिक्षण, इशारे आणि वयाचे दंडक आले. १६ वर्षांखालील मुलांसाठी मोठी क्वाड विकायची नाहीत, हे ठरले. टेकाटे-४ १९८८ मध्ये, होंडाचे २५०आर १९८९ मध्ये आणि क्वाडझिला १९९० मध्ये संपले. मोठ्या स्पोर्ट टू-स्ट्रोकांपैकी बॅन्शी तेवढी दीर्घकाळ टिकली.

१४/
शेवटचा घाव धुराच्या नियमांनी घातला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये अशा वाहनांसाठी मर्यादा ठरवल्या आणि २००६ व २००७ च्या मॉडेलांपासून त्या टप्प्याटप्प्याने लागू केल्या. न जळलेले इंधन ओकणारे साधे टू-स्ट्रोक त्यांत बसणे अवघड होते. कारखान्याच्या अमेरिकी दप्तरात बॅन्शीच्या नावापुढे पूर्णविराम पडला. वाळूवर मात्र तिचे दुसरे आयुष्य सुरू होते. मोठे सिलिंडर, मजबूत क्रँक, नवी डोकी आणि नळ्या यांचा स्वतंत्र बाजार तिच्याभोवती आधीच उभा होता. मूळ क्षमतेतून आणखी काही पिळून निघेना, तेव्हा काहींनी ब्यूखीच्या चक्राकडे मोर्चा वळवला.

१५/
आता प्रश्न रांजणाचा. सिलिंडरलगतची नळी काढून तेथेच टर्बो बसवला, तर काडेनच्या लाटा नाहीशा होतात आणि दाबलेली हवा उघड्या दारातून पळून जाते. नळीच्या शेवटच्या अरुंद टोकापुढे टर्बो लावला, तर चित्र पालटते. टर्बाइन धुराला अडवते, त्यामुळे नळीतला दाब वाढतो. दुसरीकडे कंप्रेसर आवकेचा दाब वाढवतो. दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा वाढला, तर इंजिनाच्या दृष्टीने एकच गोष्ट बदलते : भोवतालचे वातावरणच दाट झाले आहे. समुद्रसपाटीपेक्षाही खोल, दाट हवेच्या दरीत उतरल्यासारखे ते चालते.

१६/
लाटांचे काय? ध्वनीचा वेग दाबावर नव्हे, मुख्यतः तापमानावर अवलंबून असतो. म्हणून दाट हवेतही नळीतील लाटांच्या वेळा फारशा ढळत नाहीत. काडेनचे झाकण शाबूत राहते आणि त्याच झाकणाखाली अधिक मिश्रण मावते. शर्यतीच्या नियमांनी १९४६ मध्ये वेगळ्या केलेल्या दोन वाटा, दाबलेली हवा आणि टू-स्ट्रोक, येथे पुन्हा एकत्र येतात. पण दुसरी वाट मधल्या काळात जे शिकली, त्याच्यावाचून हा संगम घडलाच नसता. टर्बो लावलेली बॅन्शी म्हणूनच केवळ वेगाच्या नशेचे खूळ नाही. एका शतकाचा वाद तिच्या इंजिनात मिटलेला आहे.

१७/
तो सहजासहजी मिटत नाही. टर्बोच्या दांड्याला दाबाखालचे तेल हवे; पेट्रोलमध्येच तेल मिसळणाऱ्या टू-स्ट्रोककडे ते नसते, म्हणून वेगळी टाकी आणि पंप लागतो. हवा कार्ब्युरेटरमधून दाबायची, तर त्याच्या वाटीतही तेवढाच दाब हवा आणि इंधनपंपाचा दाब त्याहून वरचढ हवा. नाहीतर ऐन वेगात इंधन तुटते, मिश्रण कोरडे पडते आणि पिस्टनला भोक पडते. दाबलेली हवा तापते, म्हणून थंड करणारी जाळी लागते. अवेळी स्फोट टाळण्यासाठी डोक्यातील दाबगुणोत्तर उतरवावे लागते, चढे इंधन भरावे लागते. दाबून बसवलेला क्रँक पिळवटू नये म्हणून तो वेल्डिंगने पक्का करावा लागतो.

१८/
हे सारे कारखान्याच्या पुस्तिकेत नव्हते, कारण कारखान्याने हे यंत्र असे कल्पिलेच नव्हते. प्रत्येक दुरुस्ती कोणाच्या तरी जळालेल्या पिस्टनातून आली. ‘टू-स्ट्रोकला टर्बो चालत नाही’ हे विधान तर भारतीय रेल्वेनेही खोटे ठरवले आहे. १९९९ मध्ये आयात झालेल्या आणि पुढे वाराणसीत बनू लागलेल्या डब्ल्यूडीजी-४ इंजिनांत ४,००० अश्वशक्तीचे, टर्बो लावलेले टू-स्ट्रोक डिझेल आहे. तेथे गळती झालीच तर ती निव्वळ हवेची, कारण इंधन नंतर शिंपडले जाते. शिवाय कमी वेगात टर्बोला गिअरने फिरवण्याची सोय आहे. पेट्रोल क्वाडवाल्यांना यांतली एकही सवलत नव्हती.

१९/
मग कारखानाही परतला, पण बर्फावर. उंचावर हवा विरळ होते आणि साधे इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के शक्ती गमावते. म्हणून पर्वतांतील स्नोमोबिलवाले अनेक वर्षे बाहेरून टर्बो बसवून घेत होते. स्की-डूने २०२० च्या मॉडेल-वर्षात टर्बोसह टू-स्ट्रोक ८५० ई-टेक इंजिन थेट कारखान्यातून दिले आणि काही काळाने पोलारिसनेही तीच वाट धरली. इंधन थेट सिलिंडरमध्ये, योग्य क्षणी शिंपडल्याने न जळता निसटणारे इंधनही कमी झाले. ही गोष्ट कारखान्याचा पहिला पराक्रम म्हणून सांगितली जाते. त्याआधीची कित्येक वर्षे त्या कथेत येत नाहीत, हाच या धाग्याचा आक्षेप.

२०/
या भूमिकेवरचा गंभीर आक्षेप असा : अंगणातील मिस्त्रीला नायक करणे म्हणजे नियमांना खलनायक ठरवणे. तो आक्षेप विचारात घ्यायलाच हवा. १९८८ चा हुकूमनामा मुलांचे जीव वाचवण्यासाठी होता आणि तो आवश्यक होता. धुराचे नियमही आवश्यक होते. शहरात टू-स्ट्रोक रिक्षांच्या मागे उभे राहिलेल्या पिढीला हे समजावून सांगावे लागत नाही. अंगणात वाढवलेल्या शक्तीला कोणाची तपासणी नसते. ब्रेक आणि सांगाडा ३४७ सीसीसाठी घडवलेलेच राहतात. पण बंदी योग्य होती म्हणून बंदीनंतर जे घडले ते लिहू नये, असे होत नाही. धोका समजून घ्यायचा असेल, तर त्या धोक्याशी खेळणाऱ्यांची नोंद अधिकच हवी.

२१/
ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या २००६ च्या ग्रंथात आग्रह धरला की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या वर्षांवरून नव्हे, वापराच्या काळावरून लिहावा. बॅन्शीच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. कारखान्याचा अमेरिकेतील दस्तऐवज २००६ ला थांबतो. त्यानंतरचे ज्ञान हातांत, वह्यांत आणि भंगारात आहे. कोणत्या दाबाला कोणते जेट चालले, क्रँक कोठे तुटला, नळीची कोणती लांबी फसली, हे सांगणारी माणसे आता वयस्क होत आहेत. त्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या नाहीत, तर पुढील अभ्यासकाच्या हाती फक्त जाहिराती आणि न्यायालयाचे कागद उरतील.

२२/
महाराष्ट्रातील तरुण अभ्यासकांसाठी हे काम ग्लॅमिसइतके दूर नाही. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, राजदूत ३५० तर त्याच्याही आधी संपली. तरी दोन्ही गाड्या आजही चालत्या आहेत, त्या गल्लीबोळांतील मिस्त्रींमुळे. मूळ सुटे भाग मिळेनासे झाल्यावर त्यांनी काय घडवले, कोणता भाग कोणत्या गाडीचा बसवला, कानाने आवाज ऐकून कार्ब्युरेटर कसा लावला, याची लेखी नोंद फारशी सापडत नाही. एक वही, एक ध्वनिमुद्रण आणि संबंधित माणसाची परवानगी एवढ्या सामग्रीवर ती करता येते. फ्रेडरिक कॉकचे नाव निदान पेटंटमुळे तरी उरले. या मिस्त्रींपाशी पेटंट नाहीत. ज्या वाचकांच्या परिचयात असे कोणी असेल, त्यांनी येत्या सुट्टीत जाऊन बसावे आणि पहिला प्रश्न एवढाच विचारावा : सगळ्यांत जास्त वेळा काय तुटायचे?

(समाप्त)